खोडरबर आणि इतर सुटे भाग

आमचा संगणक सुरू झाला की खालच्या मजल्यावरच्या वहिनी बादल्या भरायला घ्यायच्या. सोसायटीचा पंप लागला असं त्यांना वाटायचं. पंपाला अकरा वर्षं झालेली, संगणकालाही अकरा. दोघांचा घसा एकाच वयाचा. पंपाच्या घरघरीनंतर नळाला पाणी यायचं. संगणकाच्या घरघरीनंतर पडद्यावर एक वर्तुळ यायचं आणि स्वतःभोवती फिरत बसायचं.

मी थांबायचो. घरी बसून भाषांतराची कामं करणाऱ्या माणसाला थांबायचा सराव असतो. मिक्सर, वॉशिंग मशीन, आरोग्यविमा यांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणणं हा माझा धंदा. ‘ओल्या हातांनी स्पर्श करू नये’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की देवाला हात जोडण्यापूर्वीसुद्धा मी ते पंचाला पुसतो. या धंद्यात काम थांबून येतं आणि पैसे त्याहून थांबून येतात, तेव्हा संगणकही थांबून आला तर त्याचं मला वावगं वाटत नसे. कळ दाबायची, स्वयंपाकघरात जायचं, आधण ठेवायचं, चहा गाळायचा, कप घेऊन परत यायचं. तोवर पडद्यावर आमचा माथेरानचा फोटो उमटलेला असायचा. पाच मिनिटांचं हे गणित अकरा वर्षांत बसलं होतं.

ते विस्कटलं २०२५च्या दिवाळीत. पुतण्या फराळाला आला. तो आयटीत आहे; म्हणजे पाठीवर सॅक, सॅकमध्ये कंपनीने दिलेला पंच्याऐंशी हजारांचा लॅपटॉप, आणि चेहऱ्यावर कुठल्याही क्षणी मीटिंग सुरू होईल असा भाव. मी माझं यंत्र सुरू केलं. त्याची चकली तोंडाशी थांबली.

“काका, हे काय आहे?”

“आपला संगणक.”

“नाही, आवाज कसला?”

“त्याचाच.”

मग त्याने वाकून कॅबिनेटवरचा स्टिकर वाचला, पडद्यावर दोनचार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना बाजूला घेऊन डॉक्टर बोलतात त्या आवाजात म्हणाला, “काका, १४ ऑक्टोबरला विंडोज टेनचा सपोर्ट संपला. मुदतवाढ मिळते वर्षभराची, पण ती काय, सलाइनवर. विंडोज इलेव्हन याच्यावर चढणार नाही. त्याला टीपीएम टू पॉइंट झीरो लागतं, इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा लागतो. तुमचा चौथ्या पिढीचा आहे.”

आमच्या घराण्यात चौथी पिढी म्हणजे अजून शाळेतली पोरं. प्रोसेसरांच्या घराण्यात चौथी म्हणजे खापरपणजोबा. हे मला तेव्हा कळलं.

“थोडक्यात काय,” पुतण्या म्हणाला, “हा आता कॉम्पिटिटिव्ह राहिला नाही.”

“कुणाशी?” मी विचारलं.

तो जरा गडबडला. “म्हणजे… मार्केटशी.”

मार्केटला माझा संगणक कशाला हवा होता, हे मला समजेना. मी मराठीत ‘झाकण घट्ट बसल्याची खात्री करावी’ असं लिहितो. त्या वाक्याला आठवी पिढी लागत नाही. पण ‘कॉम्पिटिटिव्ह’ हा शब्द मनाला लागला. चौथीतल्या माझ्या प्रगतिपुस्तकावर बाईंनी ‘स्पर्धेची वृत्ती कमी’ असा शेरा मारला होता; तो आता पन्नास वर्षांनी यंत्राच्या पाठीवर उमटला.

रात्री मी सौ.कडे विषय काढला. आमच्या घरात पैशाचं खातं तिच्याकडे आहे. ती बत्तीस वर्षं एका कारखान्याच्या हिशेब खात्यात होती, निवृत्त झाली, पण वही काही निवृत्त झाली नाही. नवा लॅपटॉप साठ हजारांचा, असं मी म्हणताच तिने चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, मंजुरी नाही.

“अहो, तुमचं मागच्या वर्षीचं उत्पन्न किती, सांगू का?”

“नको.”

“मग जुन्यालाच काय होतं ते बघा. पाच हजारांपर्यंत मी बोलणार नाही.”

अशा रीतीने एका गरीब यंत्राला स्पर्धेत उतरवायचा पाच हजारांचा कार्यक्रम आमच्या घरात मंजूर झाला.

स्वस्त संगणकाला साहेबाच्या टेबलापर्यंत पोचवायची ही धडपड माझ्यापासून सुरू झालेली नाही, हे मी सौ.ला जेवताना सांगितलं. अडचणीत सापडलो की मी इतिहासात शिरतो. १९८१ साली आयबीएमने आपला पीसी आणला तेव्हा त्याच्या सगळ्यात साध्या नमुन्याची किंमत होती १,५६५ डॉलर, आणि त्यात मेमरी सोळा किलोबाइट. आज माझ्या एका माहितीपुस्तिकेचं मुखपृष्ठही त्यात मावणार नाही. एवढे पैसे घरी बसून काम करणाऱ्याने आणायचे कुठून? मग इंग्लंडमध्ये अॅलन शुगर नावाचा गडी उभा राहिला. हा मुळात व्हॅनमधून मोटारींच्या एरियल विकणारा माणूस. १९६८ मध्ये त्याने कंपनी काढली, तिला नावही स्वतःच्याच आद्याक्षरांचं दिलं: अॅमस्ट्रॅड. १९८५ साली त्याने एक यंत्र बाजारात आणलं, पीसीडब्ल्यू ८२५६. पडदा, कीबोर्ड, लिहिण्याचा प्रोग्राम आणि प्रिंटरसुद्धा, सगळं मिळून ३९९ पौंड, वर कर. हिरव्या अक्षरांचा पडदा, पण घरबसल्या लिहिणाऱ्यांनी आणि छोट्या धंदेवाल्यांनी ते उचललं, कारण खोक्यातून काढलं, एक पिन भिंतीत खोचली की कचेरी सुरू.

“एकच पिन?” सौ.ने विचारलं. आमच्याकडे तेव्हा एका एक्स्टेन्शन बोर्डात सात पिना होत्या आणि त्यातली एक मिक्सरची होती.

“एकच. पण खरी गंमत पुढच्या वर्षी झाली,” मी म्हणालो. “१९८६ मध्ये त्याने आयबीएमच्या जातीचा स्वस्त पीसी काढला, १५१२ नावाचा. सुरुवातीची किंमत पुन्हा ३९९ पौंड आणि कर. त्यात वीज देणारा भाग मॉनिटरमध्ये बसवलेला, त्यामुळे मुख्य खोक्यात फारशी उष्णताच नाही. म्हणून पंखा नाही. आता पंखा नाही म्हणजे पैसे वाचले, आवाज वाचला. कौतुक व्हायला हवं की नाही? उलट बाजारात आवई उठली की हे यंत्र तापतं. कचेऱ्यांतले खरेदी अधिकारी बिचकले. शुगरने बघितलं, लोकांना पंखा नसल्याची धास्ती आहे. त्याने वाद घातला नाही. बसवला एक पंखा.”

“गरज नसताना?”

“गरज नसताना.”

“शहाणा माणूस,” सौ. म्हणाली आणि माझ्या पानात भाताचा दुसरा ढीग वाढला, गरज नसताना.

शनिवारी मी डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडली, दादरला पूल ओलांडून पश्चिमेच्या गाडीत शिरलो आणि ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण एका जुन्या गव्हर्नराचं नाव या रस्त्याला असं चिकटलंय की टॅक्सीवाल्याला भडकमकर सांगितलं तर तो तुम्हाला दवाखान्यात नेईल. पूर्वी लोक या रस्त्यावर मिनर्व्हाला ‘शोले’ बघायला येत. आता मदरबोर्ड बघायला येतात. मारामारी तितकीच असते.

या रस्त्यावर पहिला प्रश्न कधीच ‘काय पाहिजे’ हा नसतो. “बिल के साथ या बिना?” हा असतो. मी सौ.च्या वहीचा विचार करून ‘बिलासकट’ म्हणालो, तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे, उपास सोडायला आलेल्या माणसाने साबुदाणा मागावा, तसं पाहिलं. काउंटरवरचा पोरगा मात्र रत्नागिरीकडचा निघाला.

“काका, मशीन कुठलं?”

मी सांगितलं. तो हसला नाही. या रस्त्यावर मला भेटलेला तो पहिला सभ्य माणूस.

“मग सगळ्यात आधी हार्ड डिस्क काढा,” तो म्हणाला. “प्रोसेसर नाही हो मेलेला तुमचा. डिस्क मारते.”

आणि मग त्याने मला दहा मिनिटांत जे समजावलं ते पुतण्याने अकरा वर्षांत समजावलं नव्हतं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी असते. ती मिनिटाला ७,२०० गिरक्या घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्यावर एक दांडी पुढेमागे सरकत माहिती वेचते. एक फाइल सलग मिळाली तर ठीक; पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली लागतात, त्या तबकडीवर सतरा ठिकाणी विखुरलेल्या. दांडी इकडे पळते, तिकडे पळते. जुन्या कचेरीतला दफ्तरीच तो. साहेबाने एक कागद मागितला की माळ्यावर चढणार, गाठोडं सोडणार, कागद आणून देणार, गाठोडं बांधणार, खाली उतरणार. तोवर साहेबाला दुसरा कागद हवा असतो. प्रोसेसर बिचारा टेबलाशी पेन उघडं ठेवून बसून असतो. शिव्या मात्र त्याला. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत फिरणारं काहीच नाही. सगळे कागद टेबलावरच, हात लांबवला की मिळाला.

४८० जीबीची एसएसडी दोन हजार तीनशेला पडली. मग रॅम. शेजारच्या काउंटरवर एक गृहस्थ नव्या मशीनसाठी रॅमचा भाव विचारत होते आणि आकडा ऐकून भिंतीचा आधार घेत होते.

“सोन्यासारखं झालंय,” पोरगा हळूच म्हणाला. “सकाळी एक भाव, संध्याकाळी एक. सगळी मेमरी त्या एआयवाल्यांच्या डेटा सेंटरला चाललीय. तुमचं काय, डीडीआर थ्री ना? ती आता कुणालाच नको. जुनी आठ जीबीची पट्टी नऊशेत देतो.”

आयुष्यात पहिल्यांदाच मागे राहिल्याचा फायदा झाला. जगातली यंत्रं विचार करायला लागली म्हणून मेमरी महाग झाली. माझं यंत्र विचार करण्याच्या वयाच्या पुढे गेलेलं म्हणून स्वस्तात सुटलं. मी खूश होऊन दोन वडापाव खाल्ले. सौ.ने ते नंतर ‘संगणक देखभाल’ या सदरात टाकले.

जोडणी करायला समोरच्या इमारतीतला मुलगा आला. तो दिवसा एका बँकेचे संगणक सांभाळतो आणि रविवारी आमच्यासारख्यांचे. त्याने कॅबिनेटचं दार काढलं आणि आम्ही सगळे दोन पावलं मागे सरलो. आत अकरा वर्षांची धूळ नमद्यासारखी बसली होती. एसएमपीएसच्या, म्हणजे वीज देणाऱ्या डब्याच्या, जाळीत पालीची दोन अंडी, रिकामी. मदरबोर्डाच्या कडेने मुंग्यांची एक वाट, जी साधारण माझ्या बिस्किटाच्या बशीपर्यंत जात असावी. आई (वय चौऱ्याऐंशी) म्हणाली, “तरी सांगत होते, रात्री त्याच्यावर फडकं घालत जा.” तिने विणलेला क्रोशाचा रुमाल मॉनिटरवर होताच, धुळीने त्याला बाजूने वळसा घालून आत प्रवेश केला होता.

मुलाने ब्रशने, फुंकणीने आणि शेवटी माझ्या दाढीच्या जुन्या ब्रशने सगळं साफ केलं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. मग जुनी रॅमची पट्टी बाहेर काढून म्हणाला, “काका, खोडरबर आहे?”

मला वाटलं, काही लिहून खोडायचंय. त्याने नातीच्या कंपासपेटीतलं आंब्याच्या आकाराचं खोडरबर घेतलं आणि पट्टीच्या सोनेरी दातांवरून हलकेच घासलं, दोन्ही बाजूंनी. दात चकाकले. “निम्म्या कम्प्लेंटी एवढ्यावर मिटतात,” तो म्हणाला. “पट्ट्यांवर काळपट थर धरतो, मग मशीन नुसतं बीप बीप करतं. लोक घाबरून नवीन घेतात.” मला एकदम शाळेतल्या बाईंचा शेरा आठवला. तोही असाच पुसायला हवा होता.

“तारीख मागे जाते का?” त्याने विचारलं.

जात होती. हा आमच्या घरातला जुना विनोद होता. वीज जाऊन आली की संगणक जानेवारी २०१४ मध्ये जागा व्हायचा. मग बँकेची वेबसाइट त्याला दारातच अडवायची. सुरक्षिततेचं प्रमाणपत्र त्याच्या हिशेबाने अजून जन्मालाही आलेलं नसायचं, त्यामुळे ते खोटं. मी हाताने तारीख पुढे ढकलायचो आणि मग पैसे भरायचो. अकरा वर्षांचा प्रवास रोज, तोही पगाराशिवाय. मुलाने मदरबोर्डावरून रुपयाएवढी एक बटणासारखी बॅटरी काढली, सीआर २०३२, आणि नवी बसवली. तीस रुपये. तीस रुपयांत आमचा संगणक वर्तमानकाळात आला. आईने विचारलं, असलं काही माणसांसाठी मिळतं का.

शेवटी त्याने कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा पंखा बोटाने फिरवून पाहिला. तो फिरला नाही, कण्हला.

“हा आवाज करत होता. बेअरिंग गेलंय, एक पातं पण वाकलंय. काढून टाकू? एवढ्याशा मशीनला सीपीयूचा आणि एसएमपीएसचा पंखा पुरे.”

“काढ,” मी म्हणालो.

त्याने तो एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. आमच्या घरातून कुठलीही वस्तू बाहेर जात नाही, ती फक्त खोली बदलते. आईने पिशवी घेतली आणि ‘लागेल कधीतरी’च्या डब्यात टाकली. त्यात आधीपासून तीन रिमोट, कुकरची एक शिटी आणि बंद पडलेल्या दोन दूरध्वनींच्या वायरी आहेत.

विंडोजचा प्रश्न राहिला होता. मुलाने पेनड्राइव्ह लावला आणि लिनक्स मिंट घातलं. फुकट. सोबत लिहिण्याचं, हिशेबाचं, सगळं सामान फुकट. सौ. वही घेऊन उभी होती.

“काय नाव म्हणालास?”

“मिंट, काकू.”

“म्हणजे पुदिना,” तिने आईला सांगितलं आणि वहीत लिहिलं: पुदिना, ०.००. फुकट वस्तूचीही नोंद करावी लागते, नाहीतर ताळेबंद जुळत नाही, असं तिचं म्हणणं.

पुदिन्याचं आणि मराठीचं बरं जमलं. इनस्क्रिप्टचा कीबोर्ड त्यात आधीच होता, फक्त चालू करायचा. भानगड जुन्या फाइलींची. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे वीस वर्षांपूर्वीचा फॉन्ट आहे आणि तो फॉन्ट त्याला वडिलांच्या घड्याळासारखा प्रिय आहे. त्याच्या संगणकावर जे ‘उपकरण स्वच्छ कोरड्या जागी ठेवावे’ असं दिसतं, ते माझ्याकडे उघडलं की रोमन अक्षरांची, टोप्या घातलेल्या स्वरांची आणि डॉलर-पौंडांची अशी काही मिसळ दिसते की साहेब आपल्याला शिव्या देतोय असा भास व्हावा. कारण जुन्या फॉन्टात मराठी अक्षर हे मुळात इंग्रजी अक्षराला घातलेलं मराठी सोंग असतं. फॉन्ट काढला की सोंग उतरतं. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक असतो, कुणाचं सोंग नाही. हे मी त्या गिऱ्हाइकाला तीनदा समजावलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, “पण आमच्याकडे दिसतंय की!” आता तो मला ते फोनवर वाचून दाखवतो.

यूपीएसचंही एक उपकथानक झालं. लॅपटॉपच्या पोटातच बॅटरी असते. आमच्यासारख्या डेस्कटॉपवाल्यांना ती शेजारी पाळावी लागते. आमच्या यूपीएसची बॅटरी मेलेली होती, त्यामुळे वीज गेली की तो एकदाच किंचाळून संगणकाबरोबर सती जायचा. नवी बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची बॅटरी घेतली, जुनी वजनावर परत देऊन एक हजार पन्नासला. वीज गेली, संगणक चालू राहिला, मी विजयाने आजूबाजूला पाहिलं, आणि इंटरनेट नव्हतं. राउटर दुसऱ्या खोलीत, भिंतीतल्या साध्या पिनेवर. मग राउटरची वायर यूपीएसपर्यंत आणली. ती आता दारातून जमिनीपासून चार इंचांवर जाते आणि घरातले सगळे तिला ओलांडताना किंचित वाकतात. पाहुण्यांना वाटतं आमच्याकडे वळण चांगलं आहे.

सौ.ने बेरीज केली. एसएसडी २,३००, रॅम ९००, पेस्ट ६०, बॅटरी लहान ३०, बॅटरी मोठी १,०५०, नव्या मॉनिटर-वायरीचा कन्व्हर्टर ३५०, कीबोर्ड ४५०, रेल्वे आणि वडापाव ८०. एकूण ५,२२०. “दोनशे वीस वर गेले,” ती म्हणाली. पण चष्मा काढला नाही.

सोमवारी सकाळी मी कळ दाबली आणि सवयीने स्वयंपाकघरात गेलो. आधण ठेवलं. सहज वळून पाहिलं, तर माथेरान. वीस सेकंदांत. मी गॅस बंद करून धावत गेलो, कारण यंत्र तयार असताना माणूस तयार नसणं बरं दिसत नाही. त्या दिवशी चहा राहिला. मंगळवारीही राहिला. बुधवारी मी चहा आधी करून मग कळ दाबली, पण त्यात पूर्वीची मजा नव्हती. पूर्वी पाच मिनिटं कामावर असूनही मोकळा असायचो. यंत्राने ती रजा कापली.

पुतण्याला मी व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. “काका, भारी!” तो म्हणाला. “माझ्याहून लवकर चालू होतो की! माझ्या लॅपटॉपमध्ये कंपनीने चार प्रकारचे पहारेकरी बसवलेत, ते उठेपर्यंत सव्वा मिनिट जातं.” पंच्याऐंशी हजारांना पाच हजार दोनशे वीसने मात दिली होती. मी फोन ठेवला आणि नव्या जोमाने एका एअर फ्रायरच्या पुस्तिकेला बसलो.

“अहो,” आतून आवाज आला, “रिकामे आहात ना, जरा एवढी कोथिंबीर निवडा.”

“मी काम करतोय.”

“कुठे? काहीच ऐकू येत नाहीये.”

मी कोथिंबीर निवडली. अर्ध्या तासाने आई आली आणि गोळ्यांची पाकिटं माझ्या कीबोर्डवर ओतून म्हणाली, “बसलाच आहेस, तर सकाळच्या आणि रात्रीच्या वेगळ्या कर.” अकरा वाजता खालच्या वहिनी आल्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी मला टाइप करायला सांगितली, आणि जाताना म्हणाल्या, “हल्ली तुमचा पंप लागत नाही का हो?” बारा वाजता मालिकेचा पुनःप्रसारित भाग लागला, पूर्ण आवाजात. पूर्वी आई तो भाग आवाज कमी करून बघायची. मी विचारलं तर म्हणाली, “पूर्वी तुझं काम चालू असायचं ना.”

माझं काम तेव्हाही तेच होतं आणि आताही तेच आहे. पण गेली अकरा वर्षं आमच्या दोन खोल्यांत माझ्या कचेरीची भिंत त्या घरघरीने बांधलेली होती, हे कुणालाच, मलाही, ठाऊक नव्हतं. ती सुरू झाली की घर आपोआप हळू बोलायचं. भाजीवाल्याला दारातून हाकलायचं. कुकरची तिसरी शिटी सौ. शक्यतो हाताने दाबायची. आता यंत्र आठव्या पिढीच्या पोराशी बरोबरी करत होतं आणि मी मात्र कोथिंबिरीशी, गोळ्यांशी, हळदीकुंकवाशी आणि सासूसुनेच्या भांडणाशी एकाच वेळी हरत होतो. एअर फ्रायरची पुस्तिका सहा पानांची. पाच दिवस झाले तरी मी ‘टोपली’पाशी.

शनिवारी सगळे एका लग्नाला कल्याणला गेले होते. मी ‘लागेल कधीतरी’चा डबा काढला. रिमोट बाजूला केले, शिटी बाजूला केली. पिशवी तळाशी होती. पंखा बसवायला चार स्क्रू आणि एक छोटी पिन लागते, एवढं मी त्या मुलाचं बघून शिकलो होतो. वाकलेलं पातं मी जरा जास्तच वाकवलं.

सोमवारी साडेनऊला कळ दाबली. आधी घशात काहीतरी अडकल्यासारखी एक खरखर, मग दमदार, भरघोस घरघर. टीव्हीचा आवाज तीन घरं खाली उतरला. स्वयंपाकघरातून सौ. बाहेर डोकावली, तिने माझ्याकडे पाहिलं, कॅबिनेटकडे पाहिलं, आणि चष्मा नीट करून आत गेली. वहीचं पान उलटल्याचा आवाज मला ऐकू आला. म्हणजे आला असावा, घरघरीत काही नीट ऐकू येत नव्हतं.

खाली वहिनींनी बादली सरकवली.